मासिकाच्या पानावरून मांडवात

बोरिवली असो की मुलुंड, लग्नाच्या फोटोग्राफरची वाट पूर्वी स्टेशनजवळच्या एखाद्या स्टुडिओतून निघायची. पुढे काउंटर, काचेखाली पासपोर्ट साइझचे नमुने, मागे रंगवलेला पडदा आणि दोन छत्र्या. बारावी झालेला मुलगा तिथे कामाला लागायचा. आधी लाइट धरायचा, मग पासपोर्ट फोटो काढायचा आणि काही हंगामांनी मालक त्याला एखाद्या मुंजीला एकट्याला पाठवायचा. १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो मिळत, पुढे ३५ मिमीच्या रोलवर छत्तीस. प्रत्येक खटक्याला पैसे पडत, म्हणून फोटोंची यादी ठरलेली असे: अंतरपाट, हार, कन्यादान, सप्तपदी आणि मग स्टेजवर आहेर घेऊन येणारा प्रत्येक जण. या रांगेतल्या फोटोंना आज नावं ठेवली जातात, पण कित्येक घरांत गेलेल्या आत्याचा किंवा काकांचा एकमेव धड फोटो त्या रांगेतच सापडतो. छायाचित्रकार केतकी शेठ यांनी देशभरातल्या अशा जुन्या स्टुडिओंवर ‘फोटो स्टुडिओ’ हे पुस्तक २०१८ मध्ये केलं. त्या कामाची सुरुवात उपनगराच्या टोकाला, मनोरीतल्या एका स्टुडिओत झाली होती.

दुसरी वाट अंधेरीतून निघाली. न्यू लिंक रोडजवळच्या लक्ष्मी इंडस्ट्रियल इस्टेटमधले गाळे, वर्सोव्याचं आरामनगर, ओशिवरा. इथे फोटोग्राफरचा असिस्टंट आधी सॉफ्टबॉक्स बांधायला शिकतो, मग मेकअप कधी पुरा झाला हे ओळखायला शिकतो आणि स्टायलिस्टने पदर एका बोटाने का सरकवला, हे त्याला फार नंतर कळतं. ऑडिशनला आलेल्या मुलामुलींचे पोर्टफोलिओ काढून भाडं निघतं. शनिवार-रविवारी कुणाच्या तरी लग्नात सेकंड शूटर म्हणून उभं राहायचं. ‘एडिटोरियल वेडिंग’ म्हणून आज जे मागितलं जातं, ते या गाळ्यांत शिकलेली नजर हॉलमध्ये घेऊन गेलेल्यांनी घडवलं. फॅशन मासिकात आठ पानांची कथा जशी रचतात, तसं लग्न रचायचं: मोजक्या चौकटी, ठरवलेला प्रकाश, कपड्याचा पोत दिसेल अशी जवळीक आणि पानांचा क्रम.

मराठी वाचकाला ही नजर नवी नाही. गौतम राजाध्यक्ष सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवून लिंटास या जाहिरातसंस्थेत गेले आणि तिथून पूर्णवेळ छायाचित्रणाकडे वळले. ‘चंदेरी’ या मराठी नियतकालिकाचं संपादन त्यांनी केलं, १९९७ मध्ये ‘फेसेस’ हे पुस्तक काढलं आणि २०११ मध्ये ते गेले. मऊ प्रकाश आणि गप्पांत रमलेला माणूस, एवढ्यावर त्यांचा फोटो उभा असे. आज घाटकोपरच्या नवरीला खिडकीशी बसवून हनुवटी किंचित वळवायला सांगणारा फोटोग्राफर त्यांचं नाव घेत असो वा नसो, त्यांच्याच घराण्यातला आहे असं मी मानते.

दुसऱ्या क्षेत्रातली नजर लग्नात आणणं अमेरिकेत आधीच झालं होतं. वृत्तछायाचित्रकार म्हणून घडलेला डेनिस रेजी लग्नांकडे वळला. १९९६ मध्ये धाकट्या जॉन केनेडीच्या लग्नात चॅपलमधून बाहेर पडताना नवऱ्याने नवरीचा हात ओठांशी नेला, तो क्षण रेजीने टिपला आणि कुणालाही उभं न करता काढलेला लग्नाचा फोटो जगभर पोचला. आपल्याकडे असा ‘कँडिड’ फोटो रुजायला कॅमेरा बदलावा लागला. निकॉन डी७०० आणि कॅनन ५डी मार्क टू हे दोन्ही २००८ चे. हॉलच्या अपुऱ्या उजेडात फ्लॅशशिवाय स्वच्छ फोटो मिळू लागला आणि कॅननवर उत्तम व्हिडिओही निघू लागला. त्याआधी, २००७ मध्ये, ‘व्होग’ची भारतीय आवृत्ती मुंबईतून सुरू झाली होती. एकीकडे साधन आणि दुसरीकडे नमुना, दोन्ही एका-दोन वर्षांत हाताशी आले.

मग माणसं आली. जोसेफ राधिक इंजिनिअर, आयआयएम इंदूरचा पदवीधर. कंपनीतली नोकरी सोडून लग्नांकडे वळला. डिसेंबर २०१७ मध्ये इटलीतल्या टस्कनीत अनुष्का शर्मा आणि विराट कोहली यांचं लग्न त्याने टिपलं. पुढच्याच वर्षी कोमो सरोवराकाठी दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांचं लग्न झालं. तिथले फोटो मुंबईत फॅशनचं काम करणाऱ्या एरिकोस आंद्रेऊ याचे होते. त्यानंतर मुलुंडच्या मुलीही मोबाइलवर ते फोटो दाखवून ‘असं हवंय’ म्हणू लागल्या.

खरी कसोटी इथेच लागते. उपनगरातला हॉल अर्ध्या दिवसाच्या बोलीवर मिळतो, मुहूर्त पंचांगाचा असतो आणि गुरुजी कुणासाठी थांबत नाहीत. स्टेजवर एलईडी दिवे असतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे स्वस्त दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर १/१०० वर ठेवलं तर उजेड एकसारखा येतो, पण अक्षतांच्या रेघा होतात. १/५०० वर अक्षता हवेत थांबतात, पण चौकटीत काळे पट्टे उमटण्याची भीती असते. यावर उपाय स्वतःचा दिवा. तो छताकडे वळवून प्रकाश परतवायचा किंवा सकाळीच हॉल पाहून कुठली खिडकी किती वाजेपर्यंत उजेड देते ते ठरवायचं. ‘शुभमंगल सावधान’ला मिळणारा क्षण एकच, अंतरपाट एकदा उतरला की उतरला. मात्र तोच पांढरा अंतरपाट दोघांच्या चेहऱ्यांवर फार सुंदर उजेड परतवतो, आणि चांगला फोटोग्राफर मंगलाष्टकं चालू असतानाच नवरीचा फोटो काढून ठेवतो.

कोमोच्या पोझेस बोरिवलीत आणून बसवणारं काम मला पटत नाही. पाठमोरी नवरी, पसरलेला पदर, दूर बघणारा नवरा: असा फोटो कुठल्याही जोडप्याचा असू शकतो. आपल्या विधींतच मासिकाची पानं तयार आहेत, ती ओळखायला हवीत. गौरीहर घ्या. मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री नेसून मुलगी एकटीच पूजेला बसलेली असते. बाहेर सनई, पाहुण्यांची धावपळ, आणि ती मात्र खाली बघत अन्नपूर्णेवर तांदूळ वाहत असते. पूर्ण लग्नात तिला एवढा निवांतपणा पुन्हा मिळत नाही. सूनमुखात सासू आरशात सुनेचा चेहरा पाहते. एका चौकटीत दोन बायका आणि एक आरसा, आणि दिग्दर्शन कुणी केलेलं नाही. लाजाहोमाच्या धुरातून मागचा प्रकाश येतो. कानपिळीला नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान धरतो तेव्हा हसू खरंखुरं असतं. या चौकटी ओळखायला विधी माहीत असावे लागतात, आणि स्टेशनजवळच्या स्टुडिओत वाढलेला फोटोग्राफर इथे अंधेरीवाल्याच्या पुढे असतो. गुरुजींचा हात कुठे जाणार हे त्याला आधीच कळतं.

म्हणून या क्षेत्रातला सर्वांत भक्कम रस्ता दोन्ही शाळांतून जातो, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक लग्नांत आता एक ‘ट्रॅडिशनल’ आणि एक ‘कँडिड’ अशी फोटोग्राफरांची जोडी असते. कँडिडवाल्याने ट्रॅडिशनलला कमी लेखू नये. ‘आमचा फोटो कुठाय?’ हा मामीचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर ट्रॅडिशनलवालाच देऊ शकतो.

काम खरं तर हॉल रिकामा झाल्यावर सुरू होतं. हजारो फोटोंतून अल्बमपुरते निवडायचे. मुंडावळ्यांच्या मोत्यांचा जवळून घेतलेला फोटो वडिलांच्या चेहऱ्याआधी यावा की नंतर, गर्दीचं पान कुठे आणि मोकळं पान कुठे, यावर रात्री जातात. चातुर्मासात मुहूर्त जवळपास नसतात. तेव्हा राहिलेले अल्बम पुरे होतात, अंधेरीत कॅटलॉगची कामं होतात आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या हंगामाची बोलणी सुरू होतात.

त्या बोलण्यांत एक गोष्ट हमखास राहून जाते. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, फोटो काढून घेणारा असतो. म्हणजे नवरीचं गौरीहराचं जे एक पान दाखवून पुढची दहा कामं मिळतील, ते कायद्याने तिच्या घरच्यांचं असू शकतं. नव्याने धंद्यात उतरणाऱ्याने लेन्सआधी एक साधं करारपत्र तयार करावं: हक्क कुणाचे, कुठले फोटो संकेतस्थळावर आणि मासिकाला देता येतील, कुठले घरातच राहतील. ते साखरपुड्याआधीच दोन्ही घरांसमोर वाचून दाखवावं आणि सही घेऊनच तारीख लिहून घ्यावी.