वेग वाढतो पायरीने, उष्णता उडी मारून

2004 साली इंटेलने चार गिगाहर्ट्झचा पेंटियम 4 आणण्याचा बेत गुंडाळला. 3.8 गिगाहर्ट्झलाच ती चिप भलतीच तापत होती. मग कंपन्या एका चिपवर अनेक कोअर बसवू लागल्या. आज कोअर आय9-14900के सहा गिगाहर्ट्झपर्यंत धावतो. उष्णतेने मात्र पिच्छा सोडलेला नाही.

पूर्ण जोरात असताना हा प्रोसेसर 253 वॅटपर्यंत वीज खातो. तिची उष्णता होते ती जेमतेम अडीच चौरस सेंटिमीटर सिलिकॉनमध्ये, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे शंभर वॅट. दोन हजार वॅटच्या इंडक्शन शेगडीच्या वीस सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळावर हाच आकडा सहा-सात वॅट भरतो.

ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे चिप ठरलेल्या वेगापेक्षा जलद पळवण्याची, खरी गोम व्होल्टेजमध्ये आहे. घड्याळ जलद केलं की ट्रान्झिस्टरला वेळेत उघडझाप करायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग 20 टक्के आणि व्होल्टेज 15 टक्के वाढवलं, तर 1.2 गुणिले 1.15 चा वर्ग, म्हणजे खप जवळपास 59 टक्क्यांनी जास्त! 2022 मध्ये 'एल्मोर' या स्वीडिश ओव्हरक्लॉकरने नऊ गिगाहर्ट्झची वेस ओलांडली ती द्रवरूप हेलियम ओतून. तो विक्रम, त्यावर कुणी एक्सेल चालवत नाही.

आपल्याकडे असतो पंखा, फार तर पाण्याचा कूलर. दोन्ही खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाहीत. नागपुरात मे महिन्यात एसीविना खोली चाळिशीला टेकली, तर चिपच्या शंभर अंशांच्या मर्यादेपर्यंत उरतात साठच अंश. त्यात चिपचं झाकण आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळलेली असेल तर विचारूच नका. ती बारीक फटींतली हवा हटवण्यासाठी असते, कारण हवा उष्णतेची फार वाईट वाहक.

मुळात आता कंपन्याच चिप जवळजवळ ताणून विकतात. रायझन 7000 मालिकेतले वरचे प्रोसेसर जड कामात 95 अंशांवर चालावेत, अशीच त्यांची रचना आहे. जादा व्होल्टेजची किंमतही दिसली: इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या काही चिप त्याने कायमच्या बिघडल्या आणि 2024 मध्ये कंपनीला मायक्रोकोड बदलून वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली.

त्यामुळे महागडा कूलर घेण्याआधी बायोसमधली वीजमर्यादा थोडी खाली आणून पाहा. वेगातला फरक बहुधा जाणवणारही नाही.