मांजर परदेशी न्यायचे आहे?

‘डॉक्टरसाहेब, मांजराला विमानात नेता येते का हो?’ हा प्रश्न पशुवैद्यकाला विचारायचा, माणसांच्या डॉक्टरला नव्हे, असे वाचकांना वाटेल. परंतु हल्ली तो माझ्या दवाखान्यातही येतो. आपल्या जिल्ह्यातील मुले-मुली पुणे, बंगलोर करीत पुढे जर्मनी, इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचली आहेत. जाताना स्कूटर विकता येते, फ्रीज शेजाऱ्यांना देता येतो. मांजराचे काय करायचे, हा प्रश्न मात्र शेवटच्या पंधरवड्यात उभा राहतो, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

काही दिवसांपूर्वी एक बाई आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. यजमान जर्मनीत नोकरीला लागलेले, या दोघी दोन महिन्यांनी जाणार. घरातील मनीला टोपलीत बसण्याची सवय करावी म्हणून मुलीने तिला धरले आणि मनीने मनगटावर बोचकारले. दोन लांब ओरखडे, त्यावर रक्त सुकलेले, वरून हळद. ‘धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन टाका,’ बाई म्हणाल्या. मी विचारले, मांजराला रेबीजची लस दिली आहे का? ‘नाही, ती तर घरातलीच आहे.’ घरातली मनी रात्री गच्चीवरून कोठे जाते, हे मात्र त्यांना सांगता येईना.

मुलीची लस आणि मनीचा प्रवास हे दोन वेगळे विषय आहेत असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात तो एकच विषय आहे. मांजर देशात घेताना परदेशी सरकारे जी कागदपत्रे मागतात, त्यांतील बहुतेक रेबीजसाठीच असतात.

रेबीज म्हणजे फक्त कुत्र्याचा रोग, अशी आपल्याकडे समजूत आहे. आपल्या देशात तो मुख्यतः कुत्र्यापासून होतो हे खरे. पण पिसाळलेले कुत्रे मांजराला चावले, तर मांजरही पिसाळते आणि त्याच्या लाळेतून तोच विषाणू माणसात येतो. मांजर आपले पंजे सतत चाटत असते, म्हणून त्याच्या ओरखड्यालाही चाव्याइतकेच गंभीर मानावे लागते. विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. त्याला कधी काही आठवडे, कधी काही महिने लागतात. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र जवळजवळ कोणीही वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे या रोगाने दगावतात, आणि त्यांतील फार मोठा वाटा आपल्या देशाचा आहे.

आता परदेशी सरकारांच्या बाजूने पाहा. इंग्लंडने १९०२ साली रेबीजचे उच्चाटन केले. पहिल्या महायुद्धाहून परतणाऱ्या सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर १९१८ मध्ये तो परत आला, आणि पुन्हा घालवायला १९२२ साल उजाडले. तेव्हापासून बाहेरून येणारे कुत्रे-मांजर सहा महिने विलगीकरणात ठेवण्याचा नियम तेथे कडकपणे पाळला गेला. २००० सालापासून त्याऐवजी चिप, लस आणि रक्ततपासणी अशी पद्धत हळूहळू आली. ज्यांनी हा रोग एकदा घालवला आहे, ते आपल्या मनीकडे संशयाने पाहतील, यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही.

जर्मनीसह युरोपीय संघाच्या देशांसाठी क्रम असा आहे. प्रथम मांजराच्या कातडीखाली चिप बसवायची. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. त्यानंतर रेबीजची लस. त्या वेळी मांजर निदान बारा आठवड्यांचे हवे. लशीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त काढून ते त्या देशांनी मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचे. रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून अधिक भरले पाहिजे. आणि रक्त काढल्याच्या दिवसापासून पूर्ण तीन महिने थांबायचे. हे तीन महिने का? लस देण्यापूर्वीच मांजराच्या अंगात विषाणू शिरलेला असेल, तर या काळात तो बहुधा प्रकट होतो. लोक याला सरकारी अडवणूक म्हणतात. मला ती वैद्यकीयदृष्ट्या रास्त वाटते.

सर्वांत जास्त फसगत होते ती क्रमात. लस आधी आणि चिप नंतर, असे झाले तर ती लस धरली जात नाही. सगळे पहिल्यापासून करावे लागते. हिशेब केला तर चार महिने हे कमीत कमी. अहवाल यायला लागणारा वेळ आणि आपली धावपळ धरून सहा महिने हाताशी ठेवावेत. दोन महिन्यांत निघणाऱ्या त्या बाईंना मी स्पष्ट सांगितले की मनी तुमच्याबरोबर येणार नाही, फार तर मागाहून येईल.

इंग्लंडचे नियम साधारण असेच आहेत, फक्त तेथे मांजर प्रवाशाजवळ बसवून नेता येत नाही, मालवाहतुकीतून पाठवावे लागते. जपान दोनदा लस मागतो आणि रक्त काढल्यापासून १८० दिवस थांबायला लावतो. अमेरिकेत त्या मानाने सोपे आहे: मांजर निरोगी दिसले पाहिजे, रेबीजच्या लशीची सक्ती केंद्रीय पातळीवर नाही. मात्र निरनिराळ्या राज्यांचे आणि विमान कंपन्यांचे नियम वेगळे असतात, आणि हवाई बेटांवर रेबीज नसल्याने तेथील नियम फार कडक आहेत. ऑस्ट्रेलियात भारतातून थेट मांजर नेताच येत नाही. आधी त्यांनी मान्य केलेल्या दुसऱ्या देशात काही महिने ठेवावे लागते, आणि मग मेलबर्नजवळच्या सरकारी केंद्रात विलगीकरण. इतका खटाटोप मांजराच्या वाट्याला यावा का, याचा विचार घरच्यांनी शांतपणे करावा. नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या वकिलातीकडून ताजी माहिती घ्यावी. एजंटच्या तोंडी आश्वासनावर राहू नये.

वर्ध्याहून सुरुवात कोठे करावी? नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यक महाविद्यालय आपल्याला सर्वांत जवळचे. चिप व लस यांविषयी तेथे किंवा नागपुरातील चांगल्या खासगी पशुवैद्यकाकडे विचारावे. निघतानाचे आरोग्य प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या पशू विलगीकरण व प्रमाणीकरण सेवेकडून मिळते. तिची कार्यालये मुंबई, दिल्ली, हैदराबाद अशा मोजक्या शहरांत आहेत, नागपुरात नाही. म्हणजे मांजराला आधी रेल्वेचा किंवा मोटारीचा प्रवास आलाच. हा प्रवास मे महिन्यात करू नये. आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो. बंद मोटारीत ठेवलेले मांजर थोड्याच वेळात उष्माघाताने मरू शकते. चपट्या नाकाच्या पर्शियन मांजराला तर एरवीही श्वास अपुरा पडतो, आणि अनेक विमान कंपन्या अशी मांजरे सामानकक्षात घेत नाहीत.

प्रवासात ते शांत झोपावे म्हणून घरातली झोपेची किंवा उलटीची गोळी अर्धी करून देणारे लोक आहेत. कृपा करून हे करू नका. गुंगीतील जनावर विमान कंपन्या सहसा घेत नाहीत, आणि घेतलेच तर वर श्वास मंदावण्याचा धोका असतो. आणखी एक. अंग गरम लागते म्हणून मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. हे औषध निकामी करणारी रासायनिक क्रिया मांजराच्या यकृतात फारच क्षीण असते. त्याचे रक्त तपकिरी पडते, प्राणवायू वाहून नेईनासे होते, आणि आपल्या मुलाला सहज देतो त्या गोळीच्या तुकड्याने मांजर मरते. पिंजऱ्याची सवय हाच खरा उपाय. महिनाभर आधी पिंजरा घरात उघडा ठेवावा आणि त्यातच खायला घालावे, म्हणजे मुलीचे मनगटही वाचते.

माणसांच्या बाजूने आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. येथे घराची दारे-खिडक्या उघडी, अंगण मोकळे. मुलाला थोडी शिंक, थोडी धाप असली तरी चालून जाते. थंड देशातील घर सहा-सहा महिने बंद असते. मांजराची ॲलर्जी केसांमुळे होते असे लोक मानतात. खरे कारण त्याच्या लाळेतील आणि कातडीवरील प्रथिन आहे, आणि बंद खोलीत ते गालिचा, सोफा, पांघरूण यांत साठत जाते. येथे सौम्य असलेला दमा तेथे रात्रीची झोप उडवू शकतो. दम्याचे मूल घरात असेल तर हे आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

दुसरी गोष्ट गर्भवती सुनेची. ‘दिवस गेले आहेत, मांजर सोडून या’ असा हुकूम सासूबाई देतात. टॉक्सोप्लाझ्मा हा जंतू मांजराच्या विष्ठेतून येतो आणि गर्भाला इजा करू शकतो, ही भीती खोटी नाही. पण मांजर हे जंतू बहुधा पहिल्या संसर्गानंतरचे एक-दोन आठवडेच बाहेर टाकते, आणि ते संसर्गक्षम व्हायला निदान एक दिवस लागतो. मातीची पेटी रोज साफ केली, ते काम घरातील दुसऱ्या कोणी केले आणि मांजराला कच्चे मांस घातले नाही, तर धोका फार कमी राहतो. न धुतलेली भाजी आणि अर्धवट शिजलेले मटण यांची काळजी अधिक घ्यावी.

आता ओरखडा किंवा चावा झालाच तर. हळद, चुना, तिखट, काही लावू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे घड्याळ लावून धुवावे. नंतर त्याच दिवशी लस सुरू करावी. पूर्वीची पोटातील चौदा इंजेक्शने केव्हाच इतिहासजमा झाली. आता दंडात, पहिला दिवस शून्य धरून ३, ७, १४ आणि २८ या दिवशी लस देतात. कातडीत देण्याच्या पद्धतीत चौदाव्या दिवसाचा डोस नसतो. जखमेतून रक्त आले असेल तर त्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. मांजर दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवावे; ते धडधाकट राहिले तर पुढचे डोस थांबवायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील. पण त्या दहा दिवसांची वाट पाहत पहिली लस लांबवू नये. त्या मुलीला आम्ही त्याच दिवशी सुरुवात केली, आणि मनीलाही नंतर पशुवैद्यकाकडे पाठवले.

मांजर मागे ठेवायचे ठरले तरी लस टळत नाही. बाजारात किंवा एमआयडीसीच्या रस्त्यावर नेऊन सोडलेले घरचे मांजर कुत्र्यांच्या तावडीत सापडते. ज्या शेजारणीच्या हातचे दूध ते पिते, तिच्याकडे किंवा आजी-आजोबांकडे ठेवावे, आधी लस द्यावी आणि पुढच्या लशीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून द्यावी. म्हातारे, मूत्रपिंडाच्या विकाराने खंगलेले मांजर तर मी नेऊच देणार नाही. त्याला आपले घर सोडायला लावू नये.

आणि विमानात बसण्यापूर्वी महिना-दोन महिन्यांत घरातील कोणाला बोचकारले असेल, तर लशीचे कार्ड पासपोर्टच्या फाईलमध्ये ठेवा. डोस अर्धवट असतील तर तेथे पोहोचताच डॉक्टरांना ते कार्ड दाखवा. पूर्ण झालेले असतील, तरी कार्ड जपा: पुढे कधी पुन्हा चावा झाला तर दोनच डोस पुरतात, आणि ते सिद्ध करायला तुमच्याजवळ दुसरे काही नसते.