नकाशावरची रेघ आणि गावचा किनारा

गोव्यात किनाऱ्याचा विषय निघाला की बोलणे शॅक, हॉटेले आणि पाडकामाच्या नोटिसांवर येऊन थांबते. ‘सीआरझेड’ हा शब्द तर आता घरोघरी ठाऊक झाला आहे. पण हा नियम ज्या कागदावर चालतो, तो ‘किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखडा’ आपल्यापैकी फार थोड्यांनी उघडून पाहिला असेल. म्हणून वाचकांना त्याची थोडी ओळख करून द्यावी, असे वाटले.

आधी थोडा इतिहास. १९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा बांधकामापासून मोकळा ठेवायला सांगितले. पुढे १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली. तिच्या जागी २०११ मध्ये दुसरी आणि २०१९ मध्ये तिसरी आली.

या तिन्हींचा पाया एकच आहे, तो म्हणजे भरतीरेषा. मोठ्या भरतीचे पाणी जिथवर पोचते ती रेघ. सगळी मापे तिच्यापासून मोजली जातात. ही रेघ फक्त समुद्राकाठी नसते. खाडी-नदीत सर्वांत कोरड्या दिवसांत पाण्याची क्षारता हजार भागांत पाच भाग असते, तिथपर्यंत भरतीचा प्रभाव धरला जातो. त्यामुळे मांडवी-जुवारीच्या काठची, समुद्रापासून बरीच आत असलेली गावेही या नियमांत येतात. ‘आम्ही कुठे किनाऱ्यावर राहतो?’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

२०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा विभाग आहे. त्यात खाजन शेतीच्या रक्षणाची तरतूद आहे. खाजन म्हणजे आपल्या पूर्वजांनी भरतीच्या पाण्याला बांध घालून राखलेली जमीन. बांधातल्या ‘मानशी’ची झडप भरतीला मिटते, ओहोटीला उघडते. आत कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात पिकते आणि मानशीजवळ मासळी, सुंगटे मिळतात. बांध फुटला तर खारे पाणी शेतात शिरते आणि जवळच्या विहिरींनाही धोका होतो. म्हणजे शतकानुशतके गावकऱ्यांनी सांभाळलेले किनारी व्यवस्थापनच ते.

याच विभागात वाळूच्या टेकड्यांचे सर्वेक्षण करून त्या नकाशावर घेण्यास सांगितले आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे कासवांचे किनारे म्हणून राखले आहेत. ऑलिव्ह रिडले कासवीण एका वेळी साधारण शंभर अंडी वाळूत पुरते आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. उजेडाच्या दिशेने जाण्याची त्यांची सवय असल्यामुळे किनाऱ्यावरचे झगझगीत दिवे त्यांना उलट्या वाटेला लावतात. टेकड्यांवर पसरणाऱ्या जांभळ्या फुलांच्या वेलीला मराठीत ‘मर्यादवेल’ म्हणतात. तिची मुळे वाळू धरून ठेवतात आणि टेकडी वादळी लाटांचा मारा स्वतःवर घेते. टेकडी सपाट केली की तो मारा थेट मागच्या घरांवर येतो.

आता नकाशाकडे येऊ. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्या कामात ज्याची नोंद नाही ते प्रणालीच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. आराखड्याचेही तसेच आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राने गोव्याचा आराखडा तयार केला. त्यात भरतीरेषा, खारफुटी, खाजन, टेकड्या असे थर एकावर एक ठेवलेले असतात. मुख्य नकाशा १:२५,००० प्रमाणाचा. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर २५ मीटर. रेघ अर्धा मिलिमीटर सरकली तरी साडेबारा मीटर जागा इकडची तिकडे होते, आणि तेवढ्यात एखादे घर सहज बसते. म्हणूनच गावपातळीवर १:४,००० प्रमाणाचे नकाशे सांगितले आहेत. त्यांत मासळी वाळवण्याच्या जागा, जेटी, मच्छीमारांच्या सामाईक जागा दाखवायच्या असतात.

२०२१ मध्ये या आराखड्यावर जनसुनावण्या झाल्या. अनेक गावांनी आणि मच्छीमारांनी राहून गेलेल्या गोष्टी दाखवल्या. कुठे टेकड्या, कुठे खाजन, कुठे मासेमारीच्या जागा. २०२२ मध्ये आराखड्याला केंद्राची मंजुरी मिळाली. पण तो २०११ च्या अधिसूचनेचा. २०१९ च्या नियमांसाठी नवा आराखडा लागतो आणि तो मंजूर होईपर्यंत २०११ चेच नियम चालतात.

फरक लहान नाही. ग्रामीण किनाऱ्यावर २०११ च्या नियमाने समुद्राच्या भरतीरेषेपासून २०० मीटर पट्टा ‘ना विकास क्षेत्र’ आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा दाट वस्ती असेल, तिथे २०१९ चा नियम तो ५० मीटरवर आणतो. नदी-खाडीकाठीही १०० मीटरचे ५० होतात. १:२५,००० च्या नकाशावर ५० मीटर म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर! पट्टा जितका अरुंद, तितकी रेघ अचूक हवी. दाट वस्तीतल्या मच्छीमार कुटुंबालाही घर वाढवायचे असते, हे खरेच. पण त्याच सवलतीतून मोठे बांधकाम आत शिरू नये, तर खाजन, टेकडी आणि मच्छीमारांची जागा नकाशावर आपापल्या नावाने असायला हवी. त्यांना वेगळे संरक्षण आहे, पण ते नोंद झाली तरच मिळते.

सरकारी आराखडा उपग्रहचित्रावरून बनतो. होड्या कुठे ओढून ठेवतात, कुठल्या मानशीतून पाणी येते, टेकडी पूर्वी किती उंच होती, हे उपग्रहाला समजत नाही. ते गावच्या रापणकाराला आणि शेतकऱ्याला ठाऊक असते. म्हणून मसुदा जाहीर झाला की आपल्या गावचा नकाशा काढून सर्व्हे क्रमांकासह ताडून पाहावा. पंचायतीच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत या जागा आधीच लिहून ठेवाव्यात. हरकत घ्यायची तर लेखी, फोटो आणि अक्षांश-रेखांशासह घ्यावी. सुनावणीत नुसता आवाज चढवला तर तो सभागृहातच राहतो, कागद मात्र फाइलला लागतो. घरातल्या तरुणांना मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश काढता येतात आणि ज्येष्ठांना ती जागा कुणाची, कशाची हे सांगता येते. दोघांनी मिळून एक रविवार काढला तरी गावचा अर्धा नकाशा तपासून होईल.