भिंतीवर नाव कुणाचं?

औंढा नागनाथाच्या मंदिरात खाली आणि वर दोन वेगवेगळ्या काळांची कामं दिसतात. खालचं काळ्या दगडातलं, शिल्पांनी भरलेलं काम यादवकाळातलं. वरचा पांढरा भाग नंतरचा. जीर्णोद्धाराचं श्रेय अहिल्यादेवी होळकरांना दिलं जातं. औंढा १९९९ पर्यंत आपल्या परभणी जिल्ह्यातच होतं. बांधकामातल्या बाईचं नाव विचारलं, तर इथला माणूस पहिलं नाव हेच घेतो, आणि बहुधा शेवटचंही.

अहिल्यादेवींच्या हाती राज्य होतं, म्हणून नाव राहिलं. आपल्या माळवदाच्या घरांचं काय? भिंतीला पोतेरा, भुईला सारवण, पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर टाकायच्या मातीची पाटी, हे सगळं घरातल्या बायकांच्या हातचं. कुठल्या खणात पाणी उतरतं, कोणती तुळई वाळवीनं पोखरली, हे त्यांनाच आधी कळायचं. पण या कामाला कुणी बांधकाम म्हटलं नाही. ते घरकामात गेलं.

या जाणतेपणाची सरकारी दखल घेतली गेली ती फार मोठी किंमत मोजून. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या सीमेला लागून असलेल्या लातूर जिल्ह्यात आणि तेव्हाच्या उस्मानाबादेत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. बहुतेकांचा जीव स्वतःच्याच घरानं घेतला. दगड-मातीच्या जाड भिंतींत आतली आणि बाहेरची अशा दोन वेगळ्या रांगा, मध्ये माती नि खडी भरलेली. दोन्हींना बांधणारा आरपार दगड नसला की हादऱ्यात भिंत मधोमध फाटते. आणि डोक्यावर वर्षानुवर्षं गळतीच्या भीतीनं चढवलेली माती. काही घरांत तो थर दीड-दोन फुटांवर गेला होता. घर कोरडं राहावं म्हणून टाकलेल्या पाट्याच अंगावर आल्या, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन सुरू झालं. पूर्ण पडलेली गावं नव्यानं वसवली गेली. पण त्याहून कितीतरी जास्त घरं तडे जाऊन उभी होती. ती मालकांनीच दुरुस्त करून मजबूत करायची होती. त्यासाठी लोकसहभागाचं काम शासनानं प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे सोपवलं. गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक निवडल्या गेल्या. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून सळई-काँक्रीटचा सांधा का भरायचा, माळवदाची माती किती उतरवायची, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरका आधार कसा ठोकायचा, हे त्या शिकल्या आणि घरोघर समजावू लागल्या. अभियंत्याला प्रश्न विचारू लागल्या. २००१ मध्ये कच्छ हादरलं तेव्हा याच भागातल्या बायका गुजरातच्या खेड्यांत आपला अनुभव सांगायला गेल्या. मराठवाड्यानं देशाला दिलेलं हे बांधकामाचं ज्ञान आहे, आणि ते आपल्या शाळेच्या पुस्तकांत आलं पाहिजे.

वास्तुकला शिकलेल्या बायकांची नावं तरी राहिली का? पेरिन मिस्त्री यांनी १९३६ मध्ये मुंबईच्या जे. जे. मधून वास्तुकलेची पदविका घेतली; भारतातली पहिली महिला वास्तुविशारद म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. मराठवाड्यात ते किती जणांना ठाऊक आहे? नवी मुंबईची कल्पना १९६० च्या दशकात तिघांनी मांडली: चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता. यातलं तिसरं नाव बहुतेकांनी ऐकलेलंही नसतं. अमेरिकी वास्तुविशारद रॉबर्ट व्हेंच्युरींना १९९१ मध्ये वास्तुकलेचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला, पण बरोबरीनं काम केलेल्या त्यांच्या पत्नी डेनिस स्कॉट ब्राउन यांना वगळलं. २०१३ मध्ये विद्यार्थिनींनी अर्ज करून दाद मागितली, तरी निवड समितीनं निर्णय बदलला नाही. मला तो निर्णय चुकीचाच वाटतो.

आपली भाषाही यात सामील आहे. गवंडी म्हणजे कारागीर. गवंडीण म्हणजे गवंड्याची बायको. परभणीत कुठल्याही चालू कामावर बघा. माल कालवणारी, घमेलं वाहणारी, विटा देणारी बाई आयुष्यभर बिगारीच राहते. थापी तिच्या हातात क्वचितच येते. थापी हातात आली की मजुरी वाढते, म्हणून हा नुसता मानाचा प्रश्न नाही.

झारखंडमध्ये शौचालयं बांधायला बायकांना गवंडीकाम शिकवलं, तेव्हा लोक त्यांना ‘रानी मिस्त्री’ म्हणू लागले. आपल्याकडेही घरकुल योजनेत गवंडी प्रशिक्षण आहे. सरपंचांना आणि ग्रामसेवकांना माझी विनंती आहे: पुढच्या तुकडीसाठी गावातून नावं पाठवाल, तेव्हा दहा वर्षं घमेलं वाहिलेल्या बाईचं नाव यादीत पहिलं घाला.