वीज तोडली की बॅलन्स संपला?

आजचा विषय मीटरचा आहे, पण सुरुवात व्याकरणापासून करतो. जन्मभराची सवय, जात नाही. 'कंपनीने वीज तोडली' या वाक्यात तोडणारा कोणीतरी आहे. त्याला विचारता येतं, बाबा रे, का तोडलीस? 'बॅलन्स संपला' या वाक्यात कोणीच नाही. बॅलन्स आपला आपण संपला. घरातला अंधार मात्र दोन्हीकडे सारखाच. पोस्टपेडकडून प्रीपेडकडे जाताना मुख्यतः हे बदलतं, असं माझं म्हणणं आहे. पैसे आधी द्यायचे की नंतर, हा त्यातला लहान भाग.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने वीज वितरणाच्या सुधारणेसाठी एक मोठी योजना मंजूर केली. तिच्यात देशभर २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवण्याचं उद्दिष्ट होतं. आपल्याकडे महावितरणनेही कंत्राटं दिली. मग विरोध झाला, ग्राहक संघटना आणि कामगार संघटना बोलू लागल्या, आणि जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर लावणार नाही, असं जाहीर केलं. त्यानंतर जिन्याखाली जे नवे मीटर लागू लागले ते टीओडी, म्हणजे दिवसाच्या कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारे. बिल पूर्वीसारखं महिन्यानेच. पण स्मार्ट मीटर पोस्टपेड चालणार की प्रीपेड, हे त्या डब्यात ठरत नाही, दूरच्या संगणकातल्या नोंदीने ठरतं. डबा तोच राहतो. म्हणून विषय मिटला असं मी तरी समजत नाही.

आता प्रीपेडच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं की कंपनी आधी वीज देते, पैसे मागाहून येतात, उधारी बुडते. हे अर्धं खरं आहे. तुमच्यापैकी बहुतेकांना एप्रिल-मेमध्ये एक वेगळंच बिल येतं, 'अतिरिक्त सुरक्षा ठेव' म्हणून. वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहितेप्रमाणे, महिन्याला बिल येणाऱ्या ग्राहकाची ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी असावी लागते. ती कमी पडली की हे बिल. म्हणजे ज्याला आपण उधारी म्हणतो, तिच्यापोटी आपले पैसे आधीच तिकडे जमा आहेत. त्यावर व्याज मिळतं, ते सोडा.

प्रीपेडचा खरा फायदाही इथेच आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. २००३ च्या वीज कायद्याचं कलम ४७ म्हणतं की प्रीपेड मीटर घ्यायला तयार असलेल्याकडून अशी ठेव मागता येत नाही. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांसाठी खोली घेऊन राहणारी मुलं बघा. चौघे राहतात, दोघे मधेच गावी जातात, आणि शेवटचं बिल मालकाच्या गळ्यात. तिथे प्रीपेड सगळ्यांच्याच सोयीचं. रोजंदारीवर काम करणाऱ्याला एकदम दीड हजार काढणं जड जातं, दीडशे-दीडशे भरणं जमतं. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाणं टाकून चालणारे गॅसचे मीटर आले, तेव्हा कामगारांच्या घरांत गॅस पोचला तो त्यांच्यामुळेच. त्याआधी कंपन्या अशा घरांवर विश्वासच ठेवत नव्हत्या. तेव्हा प्रीपेड म्हणजे गरिबांविरुद्धचा कट, असं सरसकट मी म्हणणार नाही.

मग अडतं कुठे? लहानपणी आमच्या वाड्यासमोरच्या वाण्याकडे वही असायची. महिनाअखेर वडील ती घेऊन बसत आणि एखाद्या ओळीवर बोट ठेवून म्हणत, "ही शेरभर साखर आमची नाही." वाणी चष्मा पुसायचा, आठवायचा, कधी ओळ खोडायचा, कधी नाही. उधारीत कमीपणा असतो हे खरं, पण बोलायला जागाही असते.

कायद्याने हीच जागा लिहून ठेवली आहे. कलम ५६ काढून बघा. बिल थकलं तरी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. आणि बिलच चुकीचं आहे असं तुमचं म्हणणं असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरायची. वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा चालू राहतो. फार शहाणी तरतूद आहे ही. नोटीस म्हणजे कंपनीने केलेली मेहरबानी नव्हे. समोरचा माणूस उत्तर देऊ शकतो, हे त्यात मान्य केलेलं असतं. प्रीपेडमध्ये पैसे आधीच वजा झालेले असतात. नोंद चुकली असेल तर भांडायचं, पण अंधारात बसून.

शिल्लक शून्यावर आली आणि पुरवठा थांबला, तर तो कोणी 'तोडला' का? हा प्रश्न दोन देशांतल्या न्यायालयांपुढे आला होता. तिथे प्रश्न पाण्याचा होता, पण युक्ती हीच. इंग्लंडमध्ये काही पाणी कंपन्यांनी आधी पैसे भरून चालणारी यंत्रं घरांत बसवली. १९९८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने सांगितलं की झडप बंद होणं म्हणजे कंपनीने पाणी तोडणंच आहे, आणि तोडण्याआधीची कायदेशीर पद्धत पाळली गेलेली नाही. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग शहराने सोवेटोतल्या फिरी वस्तीत प्रीपेड पाण्याचे मीटर बसवले. घरामागे महिन्याला सहा हजार लिटर मोफत, पुढे पैसे भरले तरच पाणी. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने हे बेकायदेशीर ठरवलं, पण २००९ मध्ये संविधान न्यायालयाने निकाल फिरवला. त्यांचं म्हणणं, हे तोडणं नाही, तात्पुरतं थांबणं आहे.

मला इंग्लंडमधला निकाल पटतो. झडप स्वतःहून ठरवत नाही. शून्य आलं की बंद हो, असं कोणीतरी आधी ठरवलेलं असतं. कळ आधीच दाबून ठेवली म्हणून दाबणारा नाहीसा होत नाही. ब्रिटनमध्ये वीज आणि गॅसच्या बाबतीत या प्रकाराला चक्क 'स्वतःच स्वतःचा पुरवठा तोडणं' अशा अर्थाचा शब्द रूढ आहे. शब्दाने केवढं काम करून टाकलं बघा, कर्ता थेट ग्राहकच झाला! आणि त्याच देशात रात्री व शनिवार-रविवारी शिल्लक संपली तरी मीटर बंद होऊ नये, अशी सोयही ठेवतात. म्हणजे हवं तेव्हा थांबवता येतं. ज्याला थांबवता येतं, त्याने तोडलं असंच म्हटलं पाहिजे.

व्याख्यानाआधी एका श्रोत्याने मला विचारलं, "सर, मोबाइलही प्रीपेडच आहे, गॅसचं सिलिंडरही पैसे देऊनच घेतो, तेव्हा कुठे तक्रार करतो आपण?" प्रश्न चांगला आहे. पण सिलिंडर संपलं तर शेजारच्या वहिनींकडून भरलेलं आणता येतं, दुसरं घरात ठेवता येतं, आणि दार लावून घ्यायला मध्ये कोणी नसतं. मोबाइलची कंपनी पटली नाही तर नंबर तोच ठेवून बदलता येते. विजेची तार आपल्या घरात एकच येते. आणि मोबाइल बंद पडला म्हणून फ्रीजमधलं इन्सुलिन खराब होत नाही.

उद्या संगणकातली ती नोंद बदलायची ठरली, तर आयोगाच्या जनसुनावणीत मी तीन गोष्टी विचारीन. प्रीपेड घेणं ग्राहकाच्या मर्जीवर राहणार का? शून्यावर आल्यापासून अंधार होईपर्यंत किती दिवस मिळणार, आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना ते कोण कळवणार? आणि कलम ५६ मधलं ते निषेध नोंदवून पैसे भरणं, ते प्रीपेड मीटरवर नेमकं कसं करायचं?