बंद तारेतला करंट

मृगाच्या तोंडावर पहिली जोरदार सर आली की तळेगाव दाभाड्यात दिवे जातात, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. स्टेशन भागात सोसायट्यांचे जनरेटर धडधडू लागतात, गावभागात मेणबत्त्यांची शोधाशोध होते आणि वीज कार्यालयातला फोन खणखणू लागतो. प्रश्न एकच, ‘लाइट कधी येणार?’ त्याच वेळी कुणीतरी खांबावर चढलेला असतो. तो ज्या तारेला हात लावतो आहे, ती खरोखर बंद आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही.

दिवे जाण्याचे कारण बरेचदा साधे असते. तारा ज्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर टेकलेल्या असतात ते उन्हाने तापलेले असतात. त्यांवर गार पाणी पडले की तडा जातो, तड्यात पाणी शिरते, वीज खांबावाटे जमिनीत उतरते आणि उपकेंद्रातला ब्रेकर सगळा फीडर बंद करतो. आता तो एक तडकलेला इन्सुलेटर शोधायचा. आंबी, नवलाख उंबरे या एमआयडीसीच्या बाजूला निदान रस्ता जवळ असतो. आंदर मावळात, नाणे मावळात, पवन मावळात तार भातखाचरांवरून, ओढ्यांवरून, डोंगराच्या सोंडेवरून जाते. वायरमन हातात बॅटरी घेऊन खांबामागून खांब बघत चिखलातून चालतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने तर मावळात खांबच आडवे केले होते.

दोष सापडला की परमिट घ्यायचे. म्हणजे उपकेंद्रातल्या ऑपरेटरला सांगून फीडर रीतसर बंद करून घ्यायचा, त्याची नोंद करायची आणि काम संपल्याचे त्याच माणसाने कळवल्याशिवाय तो चालू करायचा नाही. त्यानंतर कामाच्या जागी तार तपासून तिला दोन्ही बाजूंनी अर्थिंग करायचे. अर्थिंग म्हणजे तिन्ही तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडून टाकणे. मग चुकून वीज आलीच, तर ती माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जाते. हात लावण्यापूर्वी तारेतली वीज अर्थिंगने किंवा अन्य योग्य उपायाने जमिनीत उतरवा, हे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतही लिहिलेले होते.

आता तुम्ही म्हणाल, उपकेंद्रातून बंद केलेल्या तारेत वीज येईल कुठून? ती येण्याच्या वाटा बऱ्याच आहेत. एकाच खांबावर दोन फीडर असतात. एक बंद, दुसरा चालू. चालू तारेच्या शेजारून लांबवर जाणाऱ्या बंद तारेत नुसत्या सान्निध्याने दाब निर्माण होतो. कुठे खालची तार वरच्या तारेला टेकलेली असते. कधी दोन टोळ्या एकाच फीडरवर काम करत असतात, एकीचे काम संपते, फोन जातो, आणि दुसरी अजून वर असते.

पण मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती आपल्या जनरेटरची. डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर २२ हजार व्होल्टची वीज घेऊन खाली सुमारे ४०० व्होल्ट देतो. त्याला दिशा कळत नाही. खालून ४०० दिले तर तो वर २२ हजार उभे करतो. ज्या इमारतीत, कारखान्यात किंवा मंगल कार्यालयात जनरेटर लावताना मुख्य पुरवठा तोडलेला नसतो, तिथली वीज उलट्या वाटेने तारेवर चढते. एरवी एवढ्या भाराखाली छोटा जनरेटर दमून बंद पडेल. पण तार तुटून फीडरचा लहानसा तुकडा वेगळा पडला असेल, तर तो पुरतो. आणि वायरमन असतो नेमका त्या तुटक्या टोकाशी.

किती वीज पुरते? जुना ६० वॅटचा बल्ब साधारण पाव अँपिअर घेतो. त्याचा पाचवा हिस्सा छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. त्यातून वाचला तरी खांबावरून खाली कोसळतो. हृदय थांबलेल्या माणसाच्या छातीवर काही मिनिटांत दाब द्यायला सुरुवात व्हावी लागते आणि आंदर मावळातल्या टोकाच्या वाडीतून वडगाव किंवा तळेगावचे रुग्णालय काही मिनिटांवर नाही. म्हणून वायरमनने एकट्याने चढू नये, खाली जोडीदार असावा आणि त्याला ते दाबणे येत असावे.

हे सारे वायरमनला ठाऊक असते. महावितरण त्याला ‘जनमित्र’ म्हणते, पण खांबावर चढणाऱ्यांत कंत्राटी मुलेही असतात. आयटीआय करून आलेला मुलगा, खाली जमलेले गावकरी, वरून साहेबांचा फोन आणि अर्थिंगचा रॉड दुसऱ्या गाडीत. काही मिनिटे वाचवण्याचा निर्णय तिथे होतो. चौकशीत मग ‘कर्मचाऱ्याने दक्षता घेतली नाही’ एवढे वाक्य उरते, तर ते मला अर्धे सत्य वाटते. प्राणांतिक अपघाताची दखल घेण्याची, चौकशीची तरतूद २००३ च्या विद्युत कायद्यात आहे. मृत कामगार कंत्राटदाराचा असला तरी भरपाईची जबाबदारी काम करवून घेणाऱ्या मूळ मालकावर टाकता येते, हे तत्त्व १९२३ च्या भरपाई कायद्यापासूनचे आहे. घरच्यांना ते बहुधा कोणी सांगत नाही.

आपल्या हातातले काम मात्र या आठवड्यातच होण्यासारखे आहे. सोसायटीच्या मीटर खोलीत जा आणि जनरेटरला चेंजओव्हर स्विच आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या. या स्विचचा दांडा एका वेळी एकाच बाजूला बसतो, एकतर कंपनीची वीज नाहीतर जनरेटरची. मंडपात भाड्याने आणलेल्या जनरेटरलाही हेच लागू. छतावरच्या सौर यंत्रणेत पुरवठा गेल्यावर आपोआप बंद होण्याची सोय असते; ती चालते ना, हेही त्याच फेरीत तपासून घ्या.