खाडी ओलांडायची तर आधी तिथी पाहा

मुंबईहून गोव्याला सायकलने, तेही किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं ठरवून कोकणाचा नकाशा उघडला की चढांच्या आधी पाणी आडवं येतं. आपला रस्ता उत्तरेकडून दक्षिणेला चाललेला आणि नद्या पूर्वेकडून पश्चिमेला. राजपुरीची खाडी, बाणकोटची, दाभोळची, जयगडची. पलीकडच्या तीरावरची घरं, माड, चालती माणसंसुद्धा दिसतात, पण रस्ता पाण्याशी येऊन संपतो.

यांतली बाणकोटची खाडी जरा नीट पाहण्यासारखी आहे. ती सावित्री नदीची. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा आणि सावित्री शेजारीशेजारी उगम पावतात, अशी आपली श्रद्धा. भूगोलाच्या हिशेबानेही दोघींची खोरी त्याच डोंगरावर पाठीला पाठ लावून आहेत. कृष्णा पूर्वेला वळते आणि सुमारे चौदाशे किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेचा कडा उतरते आणि शंभरेक किलोमीटरांत अरबी समुद्र गाठते. इतक्या आखूड नदीचं मुख अरुंद असायला हवं. पण बागमांडल्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर अथांग पात्र पसरलेलं असतं, एखाद्या महानदीला शोभेल असं.

एवढं रुंद पात्र सावित्रीने एकटीने कोरलेलं नाही. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, पृथ्वीवरचं बरंच पाणी बर्फात अडकून पडलं होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. किनारा तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी पश्चिमेला. सह्याद्रीवरून सुटलेल्या नद्या त्या दूरच्या समुद्राकडे धावताना खोल दऱ्या कोरत गेल्या. मग बर्फ वितळलं, समुद्र चढत आला आणि साधारण सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास स्थिरावला. त्या दऱ्यांची खालची टोकं बुडाली. आज आपण ज्यांना खाड्या म्हणतो, त्यांतल्या बहुतेक अशा बुडालेल्या दऱ्या आहेत. म्हणून तर सावित्रीत भरतीचं पाणी थेट महाडच्या जवळपास चढतं आणि एकेकाळी दासगावच्या बंदरापर्यंत बोटी जात. वाट आखताना पेन्सिल जिथे अडते, तिथे हिमयुगाचा शेवट आडवा आलेला असतो. मला तरी हे कळल्यापासून नकाशा पूर्वीसारखा दिसत नाही.

मग ओलांडायचं कसं? एक मार्ग म्हणजे पूल सापडेपर्यंत नदीच्या कडेने वर जाणं. सावित्रीसाठी तो म्हसळ्यावरून आंबेतकडे, पूल ओलांडून म्हाप्रळला, तिथून मंडणगड आणि मग परत खाली किनाऱ्याला. गाडीला हे काहीच नाही. सामान लादलेल्या सायकलीचा मात्र यात अख्खा दिवस जातो, कारण दोन खाड्यांच्या मधला मुलूख सपाट नाही. जांभ्या दगडाचा सडा चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. आणि आंबेतचा पूलही दुरुस्तीसाठी बंद नाही ना, हे निघण्याआधी विचारून घ्यावं. आणखी वर महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात वाहून गेला, गाड्यांसकट माणसं गेली. नदी आखूड असली तरी पावसाळ्यात तिच्या अंगात किती बळ येतं, ते त्या रात्री सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

दुसरा मार्ग फेरीबोटीचा. कोकणात तिला सर्रास जंगलजेटी म्हणतात. बागमांडल्याहून वेसवी, पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास. माझं मत विचाराल तर सायकलवाल्याने हाच धरावा. या बोटीची रचना इतकी साधी आहे की तिच्यातली हुशारी चटकन लक्षात येत नाही. तळ सपाट, तोंडाशी खाली पडणारी फळी, आणि धक्का म्हणजे पाण्यात उतरत गेलेला काँक्रीटचा उतार. भरती असो वा ओहोटी, बोट त्या उतारावर जिथे पाणी असेल तिथे टेकते आणि फळी टाकते. पाण्याची पातळी दिवसातून चार वेळा दिशा बदलते, तरी काही उचलावं लागत नाही, काही हलवावं लागत नाही. तो उतार ओहोटीला जवळून पाहा. वरचा पट्टा कोरडा, पांढुरका. त्याखाली हिरवं, तुळतुळीत शेवाळ. अगदी खाली कालवांची धारदार पुटं. भरती-ओहोटीचं अख्खं वेळापत्रक त्या उतारावर पट्ट्यापट्ट्यांनी लिहिलेलं असतं. हिरव्या पट्ट्यावर सायकलवरून उतरून चालावं. तिथे ब्रेक लागत नाही, चाक फक्त सरकतं. आणि कालवांवरून टायर नेऊ नये.

वेळापत्रक आगाऊ हवं असेल तर ते आपल्या कालनिर्णयात आहेच. कोकणातली जुनी रीत अशी की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. साडेबारा तासांच्या आत-बाहेर पुन्हा दुसरी भरती. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच, पण तो जुळतो याचं कारण सुंदर आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. पन्नास मिनिटं म्हणजे जवळजवळ पाऊण तास. तिथी हीच मुळात चंद्र सूर्यापासून किती पुढे सरकला याची मोजणी. त्यामुळे आपलं पंचांग न सांगताच समुद्राचंही पंचांग होऊन बसलं आहे.

चंद्र तोच, पण पाणी सगळीकडे सारखं चढत नाही. गोव्याला भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास, मुंबईत उधाणाला पाच मीटरपर्यंत आणि खंबातच्या आखातात भावनगरला दहाच्याही घरात. उत्तरेकडे समुद्रतळ उथळ आणि रुंद होत जातो, आखात निमुळतं होतं आणि आत शिरलेल्या पाण्याला वर चढण्यावाचून मार्ग उरत नाही. सायकलवाल्याला याचा अर्थ इतकाच की गाळाचा त्रास उत्तरेला अधिक. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच रेवसच्या गाळामुळे ओहोटीला खोळंबते. तिथे तिथी पाहून निघणं फायद्याचं.

नकाशावर आणखी एक खूण शोधावी, किल्ल्याची. बाणकोटचा हिंमतगड, दाभोळच्या तोंडावरचा अंजनवेलचा गोपाळगड, जयगड, विजयदुर्ग. चारही खाडीच्या मुखाशी, आणि चारही दक्षिण तीरावर. उत्तरेहून येणाऱ्याला पलीकडचा किल्ला आधी दिसतो आणि बोट नंतर. खाडीचं तोंड ताब्यात ठेवायचं म्हणून ते उभे राहिले. जहाजं आत घेण्याजोगं पाणी होतं म्हणूनच तिथे राखण्यासारखं काही होतं. 1472 मध्ये अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी परतीच्या वाटेवर दाभोळहूनच जहाजात बसला.

आता दिवस कोणता निवडायचा? अष्टमीच्या आसपास भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं पाणी, प्रवाह मवाळ, पण ऐन ओहोटी दुपारी बारा वाजता, उन्हात. पौर्णिमा-अमावास्येला उलट. उधाणाची भरती दुपारच्या सुमाराला, तेव्हा बोटीत बसावं. आणि ओहोटी सकाळी-संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला. पाणी दूर हटलेलं, मागे उरलेली ओली वाळू चाक न रुतण्याइतकी घट्ट. वेसवीला उतरून वेळास, केळशी, पुढे मुरूड-कर्दे असं जाताना रस्ता सोडून पुळणीवरून सायकल चालवता येते ती याच वेळांत. मी डिसेंबर-जानेवारीतली पौर्णिमा निवडीन आणि वेसवीचा धक्का भरदुपारी गाठीन. दाभोळला दोन दिवसांनी पोचायचं असेल तर भरतीच्या वेळेत दीड तास मिळवायचा आणि शेवटची फेरी किती वाजता सुटते ते आदल्या दिवशी विचारून ठेवायचं. चुकली तर दापोली, खेड, चिपळूण करत वळसा शंभर किलोमीटरच्या वर जातो.